पत्र्यावरचा दगड आणि नरोऱ्याची रात्र

  बोलताना मी जिथं अडखळले तेवढं इथं गाळलंय, बाकी एपिसोड बोलला तसाच ठेवलाय.

सुरुवात माझ्या घरापासून करते, कारण हा विषय डोक्यात शिरला तोच घराच्या छपरातून. १० जुलै २०२४, बुधवार, सकाळचे सव्वासात. आमच्या हिमायतनगरच्या घरात मी चहाचा कप हातात घेऊन बसले होते. आधी वाटलं, नंदीग्राम एक्सप्रेस गेली असेल, ती गेली की खिडकीच्या काचा थोड्या वाजतातच. पण काचांच्या आधी पत्रे वाजले. आणि पत्र्यांवर ठेवलेले दगड. दगड पत्र्यावर सरकताना जो आवाज होतो ना, तो एकदा ऐकला की विसरत नाही. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं, तीव्रता ४.५. त्याच वर्षी २१ मार्चला पहाटे सहाच्या सुमारास असाच धक्का बसला होता आणि पाठोपाठ दुसरा छोटा.

मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनानं एक साधी सूचना काढली होती. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांना आधार म्हणून दगड ठेवलेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. मी मोबाइलवर वाचून दाखवलं. अप्पा म्हणाले, "दगड काढले अन् वावधान आलं, तर पत्रे कुठं शोधायचे? पैनगंगेत?" अप्पांचं खोटं नव्हतं. मे महिन्यात आमच्याकडं जे वारं सुटतं त्यात अख्खी पत्रं शेजारच्या वावरात जाऊन पडलेली मी पाहिलीत. दगड ठेवलाय तो सुरक्षेसाठीच. वाऱ्यापासूनच्या सुरक्षेसाठी. आणि भूकंपात तोच दगड डोक्यात येतो.

तर हा दगड मनात ठेवा. मी आज बोलणार आहे अणुभट्ट्यांच्या अपघातांवर. मराठवाड्यात एकही अणुभट्टी नाही, आपली वीज म्हटलं की परळीचं थर्मल. (औंढ्याला अणुऊर्जा विभागाचं काहीतरी होतंय म्हणून एका मैत्रिणीनं घाबरून फोन केला होता. ती लायगो-इंडिया ही वेधशाळा आहे, गुरुत्वीय लहरी मोजायची. तिथं ना युरेनियम आहे ना भट्टी.) मग हिमायतनगरच्या पोरीनं अणुभट्टीवर का बोलावं? दोन कारणं. एक, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आपल्याच राज्यात, तारापूरला आहे. दुसरं, १९९३ साल.

१९९३ म्हटलं की लातूर-उस्मानाबादकडच्या माणसाला एकच तारीख आठवते. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. माझ्या आईचं माहेर औसा तालुक्यातलं, तेव्हा ती नववीत होती. ती या विषयावर फार बोलत नाही, म्हणून मीही तिच्या तोंडून काही सांगणार नाही. पण त्याच वर्षी, सहा महिने आधी, ३१ मार्चला पहाटे साडेतीन वाजता उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी नरोरा नावाच्या ठिकाणी जे झालं ते आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं. कारण तिथं कुणी मेलं नाही. न झालेल्या अपघाताची यात्रा भरत नाही.

नरोऱ्याच्या पहिल्या युनिटमध्ये त्या रात्री टर्बाइनची दोन पाती तुटली. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं. दोन पाती गेली की तोल गेला, यंत्र थडथड हलायला लागलं, आणि त्या हादऱ्यात नळ्या तुटल्या. कसल्या नळ्या? जनरेटर थंड ठेवायला त्यात हायड्रोजन वायू फिरवतात. हायड्रोजन उष्णता झटकन वाहून नेतो म्हणून तो वापरतात, जगभर वापरतात. तो बाहेर आला आणि पेटला. वंगणाचं तेल पेटलं. आग केबलींपर्यंत गेली. आणि इथं खरी गोम आहे. अणुकेंद्रात पंपांना वीज देणाऱ्या वायरिंगचे एकापेक्षा जास्त संच असतात, एक गेला तर दुसरा, दुसरा गेला तर तिसरा. कागदावर सगळे होते. पण ते एकाच वाटेनं, शेजारी शेजारी नेलेले होते, मध्ये आग अडवणारं काही नाही. म्हणजे एका खिशात चार किल्ल्या. खिसा फाटला की चारही गेल्या.

काही मिनिटांत केंद्रातली सगळी वीज गेली. डिझेल जनरेटर होते, पण त्यांची वीज पंपांपर्यंत पोचवणाऱ्या तारा जळलेल्या. नियंत्रण कक्षात धूर भरला, माणसांना बाहेर पडावं लागलं. हा अंधार सतरा तास टिकला.

आता कुणी म्हणेल, भट्टी बंद केली की झालं ना? ऑपरेटरांनी ती ताबडतोब बंद केलीच होती. पण अणुभट्टी बंद करणं म्हणजे गॅसचं बटण फिरवणं नाही, ती आपली चूल आहे. लाकडं ओढून घेतली तरी निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, आणि त्यावर आजी दूध आटवून घेते. युरेनियमचे अणू फुटायचे थांबले तरी फुटून तयार झालेले तुकडे उष्णता देत राहतात. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, काही तासांनी एक टक्क्याच्या आसपास. टक्का ऐकून फसू नका. नरोऱ्यासारखी २२० मेगावॅट विजेची भट्टी आत साडेसातशे मेगावॅटच्या आसपास उष्णता तयार करते. त्याचा एक टक्का म्हणजे साडेसात मेगावॅट, आणि ती उष्णता काढून न्यायला पाणी फिरतं ठेवावं लागतं. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज. वीज नाही.

त्या रात्री जे लोक कामावर होते त्यांनी दोन गोष्टी केल्या. काही जण हातात बॅटरी घेऊन अंधारात भट्टीच्या इमारतीत वरपर्यंत चढले आणि हातानं व्हॉल्व्ह फिरवून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. बोरॉन न्यूट्रॉन गिळून टाकतं, त्यामुळं भट्टी पुन्हा पेटण्याची शक्यता संपते. आणि दुसरं, आग विझवायला ठेवलेले डिझेलवर चालणारे पंप, त्यांचं पाणी बाष्पजनित्रांत वळवलं. बाहेरून थंड पाणी मिळालं की आतलं गरम पाणी वर जाणं, थंड होऊन खाली येणं, हे पंपाशिवाय आपोआप सुरू राहतं. सतरा तास अणुकेंद्र असं राखलं गेलं. किरणोत्सार बाहेर आला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टी शून्य ते सातची आहे, त्यावर नरोरा तिसऱ्या पायरीवर. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या.

मला त्या बॅटरीवाल्यांबद्दल खूप आदर वाटतो. पण त्यांच्या शौर्याच्या गोष्टीवर थांबावंसं वाटत नाही, कारण त्यांना शूर व्हावं लागायलाच नको होतं. केबली एकत्र नेऊ नयेत हा धडा जगाला अठरा वर्षं आधी मिळाला होता. २२ मार्च १९७५, अमेरिकेत अलाबामा राज्यातलं ब्राउन्स फेरी केंद्र. भिंतीतल्या फटीतून हवा गळते का हे बघायला एका कामगारानं मेणबत्ती धरली. हो, मेणबत्ती. केबलींभोवतीचा फोम पेटला आणि कित्येक तास आग जळत राहिली. त्यानंतर तिकडं नियम बदलले. आणि पात्यांचं म्हणाल, तर अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी नंतर लिहिलं की मूळ डिझाइन करणाऱ्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं त्या पात्यांमधल्या दोषाबद्दल १९८९ मध्येच कळवलं होतं. चार वर्षं ती सूचना असून पाती बदलली गेली नाहीत.

किल्लारीचंही असंच काहीसं. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं बरेच लहान धक्के बसले होते. लोक घाबरून बाहेर झोपायचे. मग धक्के कमी झाले, लोक घरात परतले. भूकंप नक्की कधी येईल हे तेव्हाही सांगता येत नव्हतं, आजही येत नाही, म्हणून यात कुणाला सरळ दोषी धरणं अवघड आहे. पण एक गोष्ट कागदावर होती आणि ती चुकली होती. देशाच्या भूकंप नकाशात हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. दख्खनचं पठार म्हणजे पक्का, जुना, न हलणारा खडक, असं मानलं जायचं. तीव्रता ६.२ च्या आसपास. मेलेल्यांचा आकडा, कोणता हिशोब धरता त्यावर, आठ ते दहा हजार.

आणि त्यांना कशानं मारलं? माळवदानं. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर लाकडांवर घातलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावं, चोराला भिंत फोडता येऊ नये, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शहाणपणानं बांधलेलं. आजी अजून उन्हाळ्यात म्हणते, माळवदाचा गारवा या सिमेंटला नाही. आणि तीच आजी आजही धाब्याखाली झोपत नाही, अंगणात खाट टाकते. पाऊस आला तरच आत.

२००२ मध्ये नवा नकाशा आला. पहिला विभागच रद्द झाला, किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. नकाशा बदलायला गावं जावी लागली.

आता हे अणुभट्टीशी कसं जोडलं जातं बघा. अणुकेंद्राची जागा निवडताना नुसता हा नकाशा बघत नाहीत. आजूबाजूच्या ३०० किलोमीटरपर्यंतचे जुने भूकंप, भेगा यांचा अभ्यास करतात, आणि पाच किलोमीटरच्या आत सक्रिय होऊ शकेल अशी भेग असेल तर जागा नाकारतात. ठीक आहे. पण जुने भूकंप म्हणजे किती जुने? आपल्याकडच्या नोंदी काही शतकांच्या, आणि पठारातल्या एखाद्या भेगेची पाळी हजारो वर्षांनी येत असेल तर? कोयनेत ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला तेव्हा तारापूरचं बांधकाम चालू होतं. तोवर कोयनाही सुरक्षितच समजली जात होती.

रत्नागिरीत जैतापूरला, माडबनच्या सड्यावर, सहा फ्रेंच भट्ट्या आणि ९९०० मेगावॅटचा प्रकल्प ठरला, तेव्हा हाच प्रश्न आला. २०११ च्या नोव्हेंबरात 'करंट सायन्स' या नियतकालिकात रॉजर बिलहॅम आणि विनोद गौर या दोन भूशास्त्रज्ञांनी लिहिलं की ज्या दाबामुळं कोयना आणि लातूरचे भूकंप झाले त्याच दाबाच्या प्रदेशात जैतापूरही येतं, आणि आधी भूकंप झाला नाही म्हणून होणार नाही असं म्हणता येत नाही. अणुऊर्जा महामंडळाचं म्हणणं, जागेचा अभ्यास नीट झालाय, आणि माडबनचा सडा समुद्रापासून सुमारे २५ मीटर उंच आहे, त्सुनामीची भीती नाही. मी भूशास्त्रज्ञ नाही. पण किल्लारीचं नाव जैतापूरच्या वादात निघतं हे वाचून मला कसंतरीच झालं. आपल्या गावांचा उपयोग आता दाखला म्हणून होतो. त्याच वर्षी १८ एप्रिलला साखरी नाट्यात आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक मच्छीमार तरुण गेला. म्हणजे भट्टी उभी राहायच्या आधीच एक मरण नोंदलं गेलं, आणि ते कुठल्याच मोजपट्टीवर येत नाही.

थांबा, थोडं पाणी पिते.

परत दगडाकडं येते. सुरक्षेसाठी ठेवलेली वस्तूच घात करते, हे अणुअपघातांत इतक्यांदा दिसतं की मी मोजणं सोडलं. चेर्नोबिल घ्या. २६ एप्रिल १९८६, रात्री १ वाजून २३ मिनिटं. त्या रात्री तिथं काय चाललं होतं माहितीये? सुरक्षेची चाचणी. वीज गेली तर डिझेल जनरेटर पूर्ण ताकदीवर यायला मिनिटभर लागतो, तेवढ्या वेळात थांबत चाललेल्या टर्बाइनच्या फिरण्यातून पंपांना वीज मिळेल का, हे तपासत होते. आणि शेवटी आणीबाणीचं बटण दाबलं, तेव्हा भट्टी विझवणाऱ्या नियंत्रक कांड्या खाली जाऊ लागल्या. त्या कांड्यांची टोकं ग्रॅफाइटची. ती आत शिरताना पहिल्या काही सेकंदांत भट्टीचा जोर उलट वाढवत. म्हणजे ब्रेक दाबला की आधी गाडी पळते. हा दोष १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात दिसला होता. चेर्नोबिलच्या ऑपरेटरांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सगळा दोष त्यांच्यावर टाकला गेला, १९९२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात डिझाइनचा दोष मोकळेपणानं मान्य झाला.

फुकुशिमाचं तर अजून साधं आहे. ११ मार्च २०११, दुपारी पावणेतीन. (हा एक अपघात दिवसाढवळ्याचा. बाकी बघा, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड पहाटे चारला, चेर्नोबिल रात्री दीडच्या आत, नरोरा साडेतीनला. रात्रपाळी करणाऱ्यांना विचारा, चौथ्या प्रहरी डोळ्यांचं काय होतं.) जिथं केंद्र बांधलं ती मूळ ३५ मीटर उंच टेकडी होती. समुद्राचं पाणी वर उपसणं महाग, आणि खाली घट्ट खडकावर पाया घातला तर भूकंपात बरं, म्हणून टेकडी छाटून दहा मीटरवर आणली. भूकंपातून केंद्र बऱ्यापैकी निभावलं. पण पाऊणएक तासानं जी लाट आली ती चौदा-पंधरा मीटरची. तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले. उंचावर ठेवलेला एक जनरेटर वाचला, आणि त्यानं पाचवी आणि सहावी भट्टी वाचवली. एक जनरेटर!

या बातम्या आल्या तेव्हा तारापूरकडं बघणं भागच होतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमासारख्याच, म्हणजे भट्टीतच पाणी उकळवून वाफ करणाऱ्या, आणि त्याही जनरल इलेक्ट्रिकनं दिलेल्या. शिवाय वयानं मोठ्या. तारापूर ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झालं, फुकुशिमाची पहिली भट्टी मार्च १९७१ मध्ये. सुरुवातीला तारापूरच्या दोन्ही भट्ट्यांच्या काही सुरक्षा यंत्रणा सामायिक होत्या. २००५-०६ मध्ये भट्ट्या बंद ठेवून त्या बऱ्याचशा वेगळ्या केल्या. फुकुशिमानंतर बाहेरून पाणी जोडायच्या सोयी वाढवल्या. म्हणजे नरोऱ्यात अग्निशमनाच्या पंपानं जे ऐनवेळी जुळवून घेतलं, तेच आता ठरवून ठेवलं. हे मला खरंच चांगलं वाटतं.

आणि हे सगळं बघायला कोण? अणुऊर्जा नियामक मंडळ, स्थापना १५ नोव्हेंबर १९८३, कचेरी मुंबईत अणुशक्तीनगरला. वर ज्यांचं नाव घेतलं त्या गोपालकृष्णन यांच्या काळात, १९९५ मध्ये, मंडळानं देशातल्या अणुकेंद्रांतल्या १३० सुरक्षा त्रुटींची यादी केली. तो अहवाल लोकांसमोर आला नाही. अडचण अशी की मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तर देत होतं, त्याचे अध्यक्ष आणि केंद्रं चालवणाऱ्या विभागाचे सचिव एकच गृहस्थ. दहावीच्या परीक्षेत ज्या मास्तरांच्या शाळेचा निकाल लागायचाय त्यांनाच पर्यवेक्षक नेमल्यावर काय होतं, हे आपल्या भागात मी समजावून सांगायला नको. २०१२ मध्ये कॅगनंही मंडळाच्या या परावलंबनावर स्पष्ट बोट ठेवलं.

एक शेवटचं, आणि हे आपल्या कामाचं आहे. आपल्या देशात किरणोत्सारानं माणूस दगावल्याची जी मोठी नोंद आहे ती अणुकेंद्रातली नाही, भंगार बाजारातली आहे. एप्रिल २०१०, दिल्लीचा मायापुरी बाजार. दिल्ली विद्यापीठातलं एक जुनं यंत्र, १९८५ पासून पडून असलेलं, लिलावात भंगारात गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं, तुकडे चमकले. अनेक जण भाजले, एक कामगार गेला. तेव्हा पिवळ्या रंगावर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं चिन्ह असलेली जड पेटी कुठं दिसली, तर फोटो काढायला जवळ जाऊ नका. लांब व्हा, इतरांना लांब करा आणि ११२ लावा.

आता आमच्या दगडांचं काय झालं ते सांगते. जुलैच्या धक्क्यानंतर मी आणि भावानं अप्पांशी तीन दिवस वाद घातला. चौथ्या दिवशी अप्पांनीच विचारलं, "दगड काढायचे ठीक, पण मग पत्रा कशानं धरायचा ते सांग." खरंतर एवढाच प्रश्न होता आणि तो आम्हाला तीन दिवस सुचला नव्हता. मग हुकाचे बोल्ट आणून पत्रे खालच्या अँगलला आवळून घेतले. बोल्टांचा आणि मिस्त्रीचा मिळून जो खर्च झाला त्यावर अप्पा अजून बोलतात. सतरा दगड खाली उतरवले. तेरा भिंतीला लावून ठेवलेत. चार अप्पांनी परत वर नेले, गोठ्याच्या पत्र्यावर, कारण गोठ्याचा अँगल गंजलाय आणि त्याला बोल्ट धरत नाही.

गोठ्यात दोन म्हशी आहेत. सध्या मी अँगलच्या पैशाची जुळवाजुळव करतेय.